पाचशे बारा जागा

"माझ्या हातून होतंय असं लिही," मिस्त्री म्हणाले. "आणि जरा बऱ्या भाषेत लिही. मी लिहिलं की सामानाची यादी वाटते." सकाळचे साडेनऊ वाजले होते. मी खांद्यावरची बॅगसुद्धा काढली नव्हती आणि ते माझ्या टेबलावर एक कोरा कागद तळहाताने सपाट करत उभे होते. मिस्त्री म्हणजे आमच्या हॉस्पिटलचे केबलवाले. त्यांचं खरं पद काहीतरी लांबलचक आहे, पण बावीस वर्षांत ते कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. डॉक्टर हे माणसांचे मिस्त्री आणि आपण तारांचे, एवढाच फरक, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. सातही मजल्यांवरच्या भिंतींतली एकूण एक वायर त्यांनी ओढलेली. चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. आणि गेले तीन आठवडे हॉस्पिटलचं नेटवर्क दिवसाआड बसत होतं, तेही सकाळी साडेदहाच्या सुमाराला, म्हणजे नेमकं मिस्त्री तळमजल्यावरची कपाटं उघडून रोजची पाहणी करतात त्या वेळेला. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा तज्ज्ञ येऊन गेला होता. त्याने टायची गाठही सैल न करता तासभर बघितलं आणि लिहून दिलं की यंत्र उत्तम आहे, दोष जोडणीत असावा, 'मानवी हाताळणी' तपासावी. आज चार वाजता प्रशासक मॅडमकडे त्याच विषयावर बैठक होती. "एवीतेवी माझ्यावरच येणार आहे," मिस्त्री म्हणाले. "आपणहून सांगितलेलं जरा बरं दिसतं." मी "काहीतरीच काय, मिस्त्री!" म्हटलं, कुणीही म्हणेल तसं. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि त्या हातांकडेच बघत म्हणाले, "नाही रे. मला आता यांची खात्री वाटत नाही."

ते गेल्यावर मी बॅग खांद्यावरून काढून ठेवली. लोक स्वतःबद्दल वाईट बोलतात ते बहुतेक वेळा समोरच्याने नाही म्हणावं म्हणून. मिस्त्रींच्या बोलण्यात ती सोय नव्हती. ते हवामानाबद्दल बोलावं तसं बोलले होते. रविवारी काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोला फोन करून सांगितलं होतं की हे जेवणाच्या टेबलावर वायरचं भेंडोळं घेऊन बसतात, शंभर जोड करतात, भिंगाखाली धरून बघतात आणि शंभरच्या शंभर कापून टाकतात. आमचं टेबल म्हणजे न्हाव्याचं दुकान झालंय. बायकोने मला हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. आता त्या हसण्याची लाज वाटली. ज्या माणसाने मला डोळे मिटून आठ तारांची रांग लावायला शिकवली, पहिल्या दिवशी माझ्या हातातली पकड काढून घेऊन "आधी पाच मिनिटं नुसता बघत बस, कपाट काय म्हणतंय ते तरी कळू दे" असं सांगितलं, तो माणूस स्वतःच्या हातांवर संशय घेऊन घरी चाचणी परीक्षा देत होता. आणि मी काय केलं? मी पेन काढलं. माझं अक्षर चांगलं आहे, त्याचा मला थोडा गर्वही आहे. मी वर तारीख टाकली, 'सविनय कळवतो की' असं लिहिलं, 'गेले तीन आठवडे वारंवार होत असलेल्या बिघाडाचं कारण माझ्या' इथपर्यंत आलो आणि थांबलो. 'माझ्या'च्या पुढे माझं पेन जाईना.

इथे सांगायला हवं की मी काय काम करतो, कारण माझ्या आईलाही ते कधी कळलं नाही. ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, "धाकटा हॉस्पिटलात स्विच बसवतो," आणि शेजारचे लोक आपापली बिघडलेली दिव्यांची बटणं मला दाखवायला यायचे. मी ती दुरुस्तही करून द्यायचो. आईची अब्रू राहायला हवी. माझा स्विच म्हणजे काचेच्या भिंतीपलीकडच्या थंड खोलीतलं कंबरेएवढं लोखंडी कपाट. सगळ्या हॉस्पिटलचे कॉम्प्युटर वायरींनी त्याला येऊन मिळतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे द्यायचा ते तो ठरवतो. त्याच्या पोटात आठ कार्डं आहेत, वर एक मुख्य कार्ड. चौदा वर्षांपूर्वी मिस्त्रींनी आणि मी तो खोक्यातून काढला तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "वजनावरून तरी खानदानी वाटतोय." तेव्हापासून तो आमच्यात खानदानी. तो बसला की मी काय करतो? त्याच्या मागचं बोटाएवढं काळं बटण बंद करतो, दहापर्यंत मोजतो आणि चालू करतो. चार मिनिटांत सगळं सुरळीत. हॉस्पिटलात माझी जी काही कीर्ती आहे ती या चार मिनिटांची आहे. तीन आठवड्यांत अकरा वेळा मी ते बटण दाबलं होतं, आणि अकराही वेळा कुणीतरी म्हणालं होतं, "तुम्ही होतात म्हणून बरं."

ही माझी सवय आईकडून आली आहे. आमच्या घरात भांडण संपायचं नाही, ते धुतलं जायचं. कुणी रडत आलं, ओरडत आलं, दार आपटून आलं, तरी आईचा एकच हुकूम: "आधी तोंड धुऊन ये." आणि तोंड धुऊन आलं की समोर चहाचा वाफाळता पेला असायचा आणि तो विषय काढायला बंदी. बाबासुद्धा ऑफिसातून तणतणत आले तर निमूट नळाकडे जात. मला हे लहानपणी फार थोर वाटायचं. शेजारच्या घरांत चार चार दिवस अबोले चालायचे आणि आमच्याकडे दहा मिनिटांत सगळे हसतखेळत. मी आठ वर्षांचा असताना बाबांच्या चष्म्यावर बसलो. चष्मा होता दादाच्या पुस्तकांखाली, म्हणून दादाने बोलणी खाल्ली. तो लालबुंद होऊन 'मी नाही, मी नाही' करत होता आणि मी सांगणार होतो, खरंच सांगणार होतो, तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "दोघंही तोंड धुऊन या." नळाखाली गार पाणी लागलं आणि ते वाक्य कुठल्या कुठे गेलं. पेल्याशी येऊन बसलो तर दादा हसत होता. आता सांगून काय करायचं, असं मला वाटलं. दादा आता पन्नाशी उलटून गेला, त्याला दोन नातवंडं आहेत, आणि तो मला कधी त्या चष्म्यावरून बोलत नाही, कारण त्याला माहीतच नाही. आईला मी दोष देत नाही. एवढ्या लहान घरात पाच माणसांना एकमेकांचा राग ठेवायला जागाच नव्हती. तिने आम्हाला फार मायेने वाढवलं, फक्त कुणाला काही पुरतं बोलू दिलं नाही.

दहा एकेचाळीसला फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर होत्या. "गेलं तुमचं," त्या म्हणाल्या. नेटवर्क चालू असताना त्या 'आमचं' म्हणतात आणि पडलं की 'तुमचं'. नेहमीचंच: जे कॉम्प्युटर सकाळपासून जोडलेले होते ते चालू, पण ट्रॉलीवरचे लॅपटॉप एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात नेले की कुणी ओळख देईना. मी काचेच्या खोलीत गेलो. आठही कार्डांवरचे दिवे हिरवेगार. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, याच्यासारखं ठणठणीत कुणी नाही. माझा हात आपणहून मागच्या बटणाकडे गेला. मी पाठवला नव्हता, त्याला वाट पाठ आहे. बोटाला बटणाची कड लागली. आणि मला काचेतून टेबलावरचा तो कागद दिसला, 'माझ्या'शी थांबलेला. मिस्त्रींचा दोष आहे हे कुणी सिद्ध केलं नव्हतं. नाही हेही कुणी सिद्ध करू शकत नव्हतं, कारण प्रत्येक वेळी यंत्राच्या पोटात काय झालं होतं ते यंत्राच्या आठवणीत होतं, आणि ती आठवण बटण बंद केलं की पुसली जाते. ती पुसणारा मी. चोरी होताच घर झाडून लख्ख करून ठेवायचं आणि मग पोलिसांना सांगायचं की बघा, काही सापडतंय का. नवशिक्यालाही पहिल्या आठवड्यात सांगतात की आधी आतली नोंद उतरवून घे, मग बंद कर. मीही सांगतो. पण चार मिनिटांची कीर्ती असलेल्या माणसाला नोंद उतरवायला वेळ कुठला?

मी हात मागे घेतला, टेबलाशी जाऊन आयसीयूचे मॉनिटर एकेक तपासले आणि सिस्टरना उलटा फोन केला. "मला अर्धा तास द्या," मी म्हटलं. "तुम्हाला? तुम्हाला तर चार मिनिटं लागतात." मी म्हटलं, "आज चार मिनिटांत नाही करायचं." त्या म्हणाल्या, "कुणाच्या जिवाशी खेळ नाही ना?" मी म्हटलं, आयसीयूचे सगळे मॉनिटर सकाळपासून जोडलेले आहेत, ते हलणार नाहीत, मी एकेक तपासलाय, फक्त फिरत्या ट्रॉल्यांची पंचाईत आहे. "मग लिहितो आम्ही कागदावर," सिस्टर म्हणाल्या. "कागद अजून मेलेला नाही. पण अर्धा म्हणजे अर्धा. एकतिसाव्या मिनिटाला मी स्वतः खाली येऊन ते तुमचं बटण दाबेन." हे त्या खरंच करतील, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

मग मी जमिनीवर मांडी घातली, लॅपटॉपची वायर मुख्य कार्डाला लावली आणि आत बघायला लागलो. किती वर्षांनी असं बसलो होतो. बाहेरच्या जगाशी स्विचचं बोलणं वेगळं आणि त्याच्या कार्डांचं आपापसातलं बोलणं वेगळं. 'माझ्याकडे नवा लॅपटॉप आलाय, ओळख नोंदवून घे' असं कार्ड मुख्य कार्डाला सांगतं. मुख्य कार्ड बाकीच्यांना कळवतं. या आतल्या निरोपांना उत्तर येईपर्यंत थांबायला ठरावीक जागा असतात, त्यांना बफर म्हणतात. आमच्या खानदानी यंत्रात त्या पाचशे बारा. आमच्या कँटीनमध्ये ट्रे मोजके आहेत आणि लोक ते वर वॉर्डात नेतात आणि विसरतात, तसंच हे. स्वयंपाक तयार असतो, भूक लागलेली माणसं रांगेत असतात, वाढणारा डाव घेऊन उभा असतो, आणि ट्रे नाही म्हणून सगळं खोळंबतं. मी मोजणीचा आदेश दिला. एकूण जागा पाचशे बारा. भरलेल्या पाचशे बारा. मोकळ्या शून्य. जोडणीच्या चुका शून्य; सैल जोडाने तुटलेला निरोप एकही नाही, साती मजल्यांवर एकही नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. माझ्या तोंडून "अहो मिस्त्री" असं निघालं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. त्यांच्या तारा निर्दोष होत्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी ओळ दिसली: अडकलेले जवळजवळ सगळे निरोप चार नंबरच्या कार्डाच्या उत्तराची वाट बघत होते.

चार नंबर. तीन आठवड्यांपूर्वी, अगदी पहिल्यांदा बसलं त्याच दिवशी, मिस्त्री चहाच्या वेळी म्हणाले होते, "त्या चौथ्याचा दिवा बघ रे एकदा. त्याला दम लागल्यासारखा वाटतो." आणि मी काय म्हणालो होतो ते मला शब्दन्‌शब्द आठवलं. मी म्हणालो होतो, "दिवे माझ्यावर सोडा, मिस्त्री, तुम्ही वायरी बघा." हसत म्हणालो होतो, आमच्यात अशी थट्टा चालते. तेही हसले होते. मग ते वायरी बघायला लागले. तीन आठवडे वायरीच बघत राहिले. एका वाक्याचं किती लांब जाऊन काय होतं, हे जर बोलताना कळलं असतं तर माणसाने तोंडच उघडलं नसतं. किंवा निदान समोरच्याचं ऐकून तरी घेतलं असतं. तेवढ्यात मॅडमचा फोन. "अजून चालू झालं नाही? रीस्टार्ट मारा ना, तुम्ही मारता तसं." मी म्हटलं, मॅडम, आत्ता मारलं तर चारच्या बैठकीत आपण पुन्हा अंदाजच करत बसू. त्यांनी सुस्कारा सोडला. त्यांच्या सुस्काऱ्याला हॉस्पिटलात वजन आहे. मी तो ऐकला आणि फोन ठेवला.

चौथं कार्ड जुनं होतं, हळू बोलायचं, पण मुकं नव्हतं. मग त्याला इतकं विचारत तरी कोण होतं? प्रत्येक निरोपावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. मी अडकलेले निरोप एकेक उघडायला लागलो. पहिला: 'चौथ्या कार्डा, प्रकृती कशी आहे?' दुसरा: 'चौथ्या कार्डा, प्रकृती कशी आहे?' तिसरा, दहावा, चाळिसावा, सगळे तेच, आणि सगळ्यांवर एकच पत्ता. तो पत्ता माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरचा होता. मी वाकून काचेतून तिकडे बघितलं, जणू तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसणार होतं. तीन आठवड्यांपूर्वी टायवाल्या तज्ज्ञाच्या कंपनीने मॅडमना सुचवलं होतं की यंत्र चांगलं असलं तरी त्याचं वय झालंय, ते भंगारात काढून त्यांचं नवं घ्यावं. माझ्या जिवाला फार लागलं. खानदानी ठणठणीत आहे हे दाखवायला मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला: दर पाच मिनिटांनी प्रत्येक कार्डाची विचारपूस करायची, आणि सकाळी साडेदहाला सविस्तर तपासणी, म्हणजे मिस्त्री पाहणी आटपून चहाला येईपर्यंत अहवाल हातात. दुसऱ्याच दिवशी स्विच बसला, आणि मला वाटलं, काय योग्य वेळी देखरेख सुरू केली आपण! मग पुढचा बिघाड सुटू नये म्हणून पाच मिनिटांचं एक मिनिट केलं. मग दहा सेकंद. गेल्या आठवड्यापासून पाच. चौथ्याचं उत्तर यायला उशीर झाला की माझा प्रोग्रॅम पुन्हा विचारायचा, बरा आहेस ना, बरा आहेस ना, आणि सकाळच्या गर्दीत तो बिचारा माझ्या प्रश्नांखाली गाडला जायचा. कुणाला काही सांगायलाही त्याला जागा उरायची नाही. मी कपाळावर हात मारला, अक्षरशः. माझी बायको म्हणते की तिला साधा ताप आला तरी माझ्या चौकशांनी तो वाढतो. मी ते प्रेमाचं बोलणं समजत होतो.

आता मला जे वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर या सगळ्याला अर्थ नाही. घड्याळात सिस्टरची नऊ मिनिटं उरली होती. बटण माझ्या उजव्या हाताला होतं. ते दाबलं असतं तर चार मिनिटांत सगळं चालू आणि ही मोजणी, हे पत्ते, ही माझी पाचशे बारा प्रेमपत्रं जगातून नाहीशी. नंतर टेबलाशी जाऊन प्रोग्रॅम गुपचूप काढून टाकला की बिघाडही बंद. कुणाला शंका आली नसती. मिस्त्री पत्र द्यायला तयारच होते, मॅडमनी ते ठेवून घेतलं असतं, चार महिन्यांनी एक शाल आणि चार चांगले शब्द. माझं विभागप्रमुखपद पुढच्या महिन्यात ठरायचं होतं. नाही असं नाही, मी हिशेबाने विचार केला. आणि तो विचार परका वाटला नाही, तो चांगला ओळखीचा होता, गार पाण्यासारखा. फक्त मला मिस्त्री दिसत होते. जेवणाच्या टेबलावर भिंग धरून, आपण केलेला चांगला जोड चांगला असूनही त्यावर विश्वास न बसून तो कापताना. हा माणूस पुढची वीस वर्षं काय करणार? साधी पिन बसवताना त्याचा हात थांबणार. बाकीच्या गोष्टींचं मला भय होतं, पण हे मला सहन होईना. मी नोंद उतरवून घेतली. दोन ठिकाणी ठेवली, माझाच भरवसा नको म्हणून तिसरी प्रत मॅडमना पाठवून दिली. मग टेबलाशी जाऊन माझा प्रोग्रॅम थांबवला, आणि परत येऊन मांडी घालून बसलो. पाचशे बारा. पाचशे बारा. पाचशे दहा. चौथं कार्ड हळूहळू मागची उत्तरं देत होतं, एकेक, सावकाश, काही न विसरता. चारशे. अडीचशे. अठ्ठाविसाव्या मिनिटाला सिस्टरचा फोन आला. "आलं आमचं," त्या म्हणाल्या.

लगेच धावत वर जाऊन मिस्त्रींना सांगायला हवं होतं. मी नाही गेलो. मला वाटलं, बैठकीत सगळ्यांसमोर सांगू, त्याला जास्त वजन येईल. टायवाल्यासमोर त्यांची मान ताठ होईल. मनात त्याचं एक देखणं चित्रसुद्धा तयार झालं होतं, ज्यात मी जरा जास्तच चांगला दिसत होतो. मी त्याच कागदावर 'माझ्या'च्या पुढे लिहायला घेतलं आणि पेन एकदाही अडलं नाही. फक्त शेवटी सही माझी. चार वाजता मॅडमच्या खोलीत मिस्त्री दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, शर्टाचं वरचं बटण लावून. मी कागद वाचला, आकडे दाखवले, म्हटलं, जोडणीत एकही दोष नाही, सातही मजल्यांवर नाही. टायवाला खुश झाला, कारण यंत्रातही दोष नव्हता. मॅडमनी चष्मा काढला. "म्हणजे तुम्ही त्याला दर पाच सेकंदांनी विचारत होतात, बरं आहे का म्हणून?" मी हो म्हटलं. "आणि ते उत्तरं देऊन देऊन आजारी पडलं." मी हो म्हटलं. कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. लेखी समज, देखरेख दुसऱ्याकडे, आणि विभागप्रमुखपदाचं पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी तीन वाक्यांत उरकलं. मी मिस्त्रींकडे बघितलं. त्यांचा चेहरा माझ्या चित्रातल्यासारखा नव्हता. ते उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

मी काचेच्या खोलीत येऊन बसलो. कार्डांचे दिवे निवांत लुकलुकत होते. पाऊण तासाने दार उघडलं. मिस्त्री आत आले, वायरच्या रिकाम्या रिळावर बसले आणि हात मांड्यांवर ठेवले. मी उठलो. दुपारपासून जुळवलेलं बोलायला लागलो. "मिस्त्री, मला खरंच—"

"माफी मागू नकोस," ते म्हणाले. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता. "तू मागितलीस की मला द्यावी लागेल. तुझ्यावर माझा जीव आहे, मी लगेच देऊन टाकेन. मग आपण चहा घेऊ आणि संपलं." त्यांनी मान हलवली. "मला एवढ्यात संपवायचं नाहीये. सकाळीच कळलं होतं तुला. चारपर्यंत मी वर सहाव्या मजल्यावर जोड तपासत होतो, ठाऊक होतं ना? चोवीस कापले मी, आज. चांगले चोवीस."

सवयीने माझ्या तोंडावर आलं, पाणी आणू का? ते मी गिळलं. खिशात फोन थरथरला, बायको असणार, ही तिची वेळ. तो थरथरून गप्प झाला. मी परत जमिनीवर मांडी घातली.

"मग सांगा," मी म्हटलं.

"वेळ लागेल."

"लागू दे."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मी विचारलं नाही. मग त्यांनी घसा साफ केला. "पहिल्या दिवशी," मिस्त्री म्हणाले, "तू मला म्हणालास, तुम्ही वायरी बघा. तेव्हा मी हसलो. पण जिना उतरताना मला पहिल्यांदा असं वाटलं, की हा मुलगा आता माझ्याहून मोठा झाला. आणि खरं सांगू? मला वाईट नाही वाटलं. फार बरं वाटलं. म्हणूनच तर तुझं खरं मानलं मी, रे. हातांपेक्षा तुझं खरं मानलं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. तसेच माझ्याकडे बघत राहिले, आणि दुसऱ्या दिवसाचं सांगायला लागले.